खड्डो कोण बुजवतलो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मायनिंग आणि शाश्वत विकास यावर अधूनमधून लिहून येतं, बाजूने पण येतं आणि विरोधात पण, मी सगळं वाचतो. मी बांदा पंचक्रोशीतला काजू बागायतदार, वेंगुर्ला ४ आणि ७ या काजूच्या जातींची झाडं आहेत, थोडे हापूस आहेत, खाली मळ्यात भात. पत्रं लिहायची सवय नाही त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या, पण जमलं तर कापू नका.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एका खाणीची जनसुनावणी होती. मंडप, खुर्च्या, पोलीस, व्हिडिओ शूटिंग, सगळं रीतसर. कंपनीच्या माणसाने पडद्यावर नकाशे दाखवले, हिरवी झाडं दाखवली, आणि शाश्वत विकास हा शब्द इतक्या वेळा घेतला की माझ्या बाजूचा पोरगा बोटं मोजत बसला होता. मग शेवटच्या रांगेतले एक आजोबा उठले, पंच्याहत्तरीचे असतील, हातात काठी, त्यांना माईक पण धरता येईना. त्यांनी एकच विचारलं, "खाण संपल्यार खड्डो कोण बुजवतलो?" उत्तर आलं की ते सगळं क्लोजर प्लॅनमध्ये, म्हणजे खाण बंद करण्याच्या आराखड्यात आहे. आजोबा म्हणाले, "तो प्लॅन माका वाचूक गावतलो?" म्हणजे मला वाचायला मिळेल का. त्यावर पुढचा प्रश्न घ्या असं झालं, कोणीतरी नोकरीचं विचारलं आणि विषय तिकडेच गेला.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मला तर वाटतं मायनिंग आणि शाश्वत विकासाबद्दल जे काही बोलायचं आहे ते सगळं त्या एका प्रश्नात आलं.

शाश्वत विकासाची व्याख्या १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने केली, की आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढीला त्यांच्या गरजा भागवता आल्या पाहिजेत. आमच्याकडे हे कोणाला शिकवायला लागत नाही. बियाण्याचं भात गवताच्या मुडीत बांधून माळ्यावर ठेवायचे, आणि आषाढात घरात खायला कण नसला तरी त्या मुडीला कोणी हात लावायचं नाही. माझी आजी शेजारून पायली उसनी आणायची पण मुडी सोडायची नाही. आता खनिज हे असं भात आहे की जे परत पेरता येत नाही, एकदा काढलं की संपलं. मग खाण शाश्वत कशी होणार? प्रामाणिक उत्तर एवढंच की खाण शाश्वत नसते, खाणीच्या आजूबाजूचं आणि खाणीनंतरचं जे राहतं ते शाश्वत ठेवता येतं, पाणी, माती, झाडं आणि खनिजाच्या पैशातला पुढच्या पिढीचा वाटा. तेवढं होत असेल तर बोला शाश्वत, नाहीतर तो शब्द वापरू नका.

आता माझ्या घरातलं सांगतो, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी आपलं सांगितलं पाहिजे. आमचा सामायिक सडा आहे, म्हणजे वरचं कातळाचं पठार, सातबारावर नावं किती ते विचारू नका, अर्धे मुंबईला. १५-१६ वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने चिरेखाणीसाठी मागितला. वडिलांना पैशांची गरज होती, बहिणीचं लग्न होतं, काका लोकांनी पण सह्या दिल्या. कागदावर लिहिलं होतं की काम झाल्यावर खड्डा बुजवून वरची माती पसरून देणार. चार वर्षं मशिन चालली, चिऱ्याचे ट्रक गेले, आणि एक दिवस मशिन पण गेली. खड्डा तसाच, पंचवीस फूट खोल, उभ्या भिंती, पावसात भरतो. आमच्याच वाडीतला एक बैल त्यात पडून मेला, त्यानंतर आम्ही स्वखर्चाने तारेचं कुंपण घातलं. ठेकेदाराचा फोन लागत नाही, ऑफिसात गेलो तर हे खातं ते खातं करत तीन टेबलं फिरलो.

पण खड्डा दिसतो तरी, पाण्याचं तसं नाही. सड्याच्या खाली आमची खालची वाडी, तिथे काकीच्या घरामागे बावडी आहे, आजोबांच्या वेळची, जांभ्यात बांधलेली. ती मिरगापर्यंत कधी आटली नव्हती. मे महिन्यात मुंबईकर आले की वीस-पंचवीस माणसांचं पाणी त्याच बावडीवर व्हायचं. आता पाडवा झाला की तळ दिसायला लागतो. काकी म्हणते, "पाणी खंय गेला ता कोणाक म्हायत?" खड्ड्यामुळे गेलं असं मी म्हणतो, ठेकेदाराचा माणूस म्हणायचा तुमच्या गावात बोअरवेल किती झाल्यात ते बघा, आणि मला त्याला गप्प करता आलं नाही कारण आमच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं. खाणीच्या आधी बावडीत कुठल्या महिन्यात किती हात पाणी होतं, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं पण कागदावर एक ओळ नव्हती.

सडा म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला पाहिजे. सातबारावर त्याची नोंद पोटखराब, म्हणजे लागवडीला नालायक, अशी असते, आणि त्या एका शब्दाने आमचं फार नुकसान केलंय. वरून बघितलं तर काळा कातळ, त्यावर श्रावणात महिनाभर फुलं आणि बाकी वर्षभर गवत. पण जांभा हा भोकाभोकांचा दगड, तो पाणी पितो. आमच्या जिल्ह्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत, तो या जांभ्यात मुरतो आणि खाली शेडी माती लागली की तिच्यातून पुढे जात नाही, मग दोघांच्या सांध्यातून झरा बनून डोंगराच्या कुशीत बाहेर पडतो. आपली वाड्या-वस्ती, बावड्या, पाट, वायंगणीचे, म्हणजे उन्हाळी भाताचे मळे हे सगळं त्या झऱ्यांच्या अंदाजाने वसलेलं आहे. पूर्वजांनी घरं कुठे बांधली ते बघा, बहुतेक सड्याच्या पायथ्याशीच. म्हणजे सडा ही गावाची टाकी, आणि रेकॉर्डला पोटखराब. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने चित्रं कोरली, कुडोपी, बारसू, उक्षी, देवाचं गोठणं इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. खराब जागेवर कोणी एवढी मेहनत घेत नाही.

चिरेखाण लहान, खनिजाची खाण मोठी, पण पाण्याचं गणित तेच, उलट जास्त वाईट. लोहखनिज काढायचं तर एक टनासाठी दोन-तीन टन माती उपसून बाजूला ढीग घालावा लागतो. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पंप लावून पाणी सतत बाहेर काढायचं, म्हणजे आजूबाजूच्या बावड्यांचं पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं. पावसाळ्यात तो मातीचा ढीग व्हाळात म्हणजे ओढ्यात, व्हाळातून मळ्यात, मळ्यातून खाडीत. भाताच्या कुणग्यात लाल गाळाचा थर बसला की तो घट्ट होतो, त्यात नीट पीक येत नाही. आणि जानेवारी-फेब्रुवारीत मोहोरावर डंपरची धूळ बसली की फळ किती धरेल ते आंबेवाल्याला विचारा. याच हापूसला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला आपण जीआय मानांकन मिळवलंय.

हे व्हायच्या आधी अभ्यास होतो ना, असं कोणी विचारेल. होतो. २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावर होणाऱ्या परिणामाच्या अभ्यासाच्या, अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीला पर्यावरण परवानगी लागते, जनसुनावणी लागते, तीस दिवस आधी नोटीस लागते. पण सुनावणीला कोरमची अट नाही, चार माणसं आली तरी झाली. मराठीत मिळतो तो सारांश, जाडजूड मूळ रिपोर्ट इंग्रजीत. आणि मला सगळ्यात खटकतं ते हे की हवा-पाण्याची मूळ स्थिती मोजायची ती साधारण एका हंगामाची, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. कोकणात! जिथे सगळं पाणी पावसाळ्यात येतं आणि मेपर्यंत कसं उतरत जातं यावर गाव जगतं, तिथे तीन महिन्यांत चार विहिरींचं पाणी बाटलीत भरून नेलं की झाला अभ्यास. आमच्या भागात मी असा एक रिपोर्ट चाळला होता, त्यात खालच्या वाडीतले झरे नव्हतेच, नकाशात व्हाळाला नाव पण नव्हतं.

आता त्या आजोबांच्या प्रश्नावर येतो. खाण बंद करण्याचा प्लॅन कायद्याने द्यावा लागतो, हे खरं आहे. आणि खाणवाला मधेच पळाला तर म्हणून सरकारकडे हमीची रक्कम ठेवायची असते, बहुतेक बँक गॅरंटी. ती २०१७ च्या नियमांत मशिनवर चालणाऱ्या मोठ्या खाणींना हेक्टरी ३ लाख होती, २०२१ मध्ये ५ लाख केली. ऐकायला बरी वाटते. मी वहीवर हिशेब मांडला. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, खड्डा वीस मीटर खोल धरा, पायऱ्या-बिऱ्या सोडून द्या, दोन लाख घनमीटर झाले. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे साधारण सत्तर हजार ब्रास. पाच लाखाला सत्तर हजाराने भागा. ब्रासला सात रुपये. घराच्या जोत्यात माती भरायला ज्याने कधी ट्रक मागवलाय त्याला विचारा की ब्रासला सात रुपयांत कोण येतो. कायद्याने काम खाणवाल्यानेच करायचं आहे आणि ही नुसती हमी आहे हे मला कळतं, पण हमी असते कशासाठी, तो निघून गेला तर त्या पैशात काम व्हावं म्हणूनच ना? मग सात रुपयांत काय होणार? कुंपण पण होणार नाही. माझ्या चिरेखाणवाल्याने तर तेवढी पण कुठे ठेवली असेल तर मला दिसली नाही.

गोव्यात काय झालं ते आपण सीमेवरून रोज बघितलं. चीनमधून मागणी आली, हलक्या प्रतीचं खनिज पण जहाजांतून जायला लागलं, डिचोली-सांखळीच्या रस्त्यांवर ट्रकांची रांग. आमच्याकडची किती पोरं ड्रायव्हर म्हणून गेली. माझ्या मावसभावाने कर्ज काढून डंपर घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये सगळं एका झटक्यात थांबलं, केंद्राने नेमलेल्या शहा आयोगाने बेकायदा उत्खननावर बोट ठेवलं होतं, पुढे सुप्रीम कोर्ट आलं. भावाचा डंपर दोन वर्षं माडाखाली उभा, टायर कुजले, हप्ते चालू. २०१४ मध्ये कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के पैसे पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या फंडात ठेवायला सांगितले. परत सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द. म्हणजे जो रोजगार रोजगार म्हणून सांगतात तो असा, वरच्या लोकांनी नियम मोडायचे आणि हप्ता भरायचा डंपरवाल्याने. पण तो दहा टक्क्यांचा फंड मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कोर्टाने मान्य केलं की खनिज ही आजच्या पिढीच्या एकटीच्या बापाची मालमत्ता नाही. मुडी म्हणजे तेच की!

आपल्या जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात कळणे आहे, तिथे लोहखनिजाची खाण. जुलै २०२१ च्या पावसात खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखलाचं पाणी गावात, घरात, बागायतीत घुसलं. मी चार दिवसांनी बघायला गेलो होतो. माडाच्या बुंध्याला हातभर गाळ, सुपारीची झाडं आडवी, आणि एका घरात बाई नारळाच्या करवंटीने चुलीतला चिखल काढत होती. ते बघितल्यापासून मला पडद्यावरची हिरवी झाडं बघवत नाहीत. रेडीत तर मायनिंग कितीतरी जुनं, तिथला द्विभुज गणपती १९७६ मध्ये खाणीच्या जागेतच सापडला, लोक लांबून दर्शनाला येतात, येताजाता तिथले लाल डोंगर पण डोळे उघडे ठेवून बघावेत. कासार्ड्याची सिलिका, दापोली-मंडणगडकडचा बॉक्साइट, खाड्यांतला सक्शन पंपाचा वाळू उपसा, प्रत्येकावर वेगळं पत्र होईल.

आणि सावध कोणी केलं नव्हतं असं पण नाही. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्येच सांगितलं होतं की रत्नागिरी-सिंधुदुर्गात पश्चिम घाटाच्या सगळ्यात संवेदनशील दोन झोनमध्ये नवीन खाणींना परवानगी देऊ नका, आणि ते गावागावातून ठरवा, ग्रामसभेला विचारा. त्या अहवालाच्या नावाने गावात काय काय सांगितलं गेलं, घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, आणि घाबरून आपल्यातल्याच लोकांनी विरोध केला, मी पण सही केली होती, त्याचं मला आज वाईट वाटतं. मग २०१३ मध्ये याच विषयावर कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. नंतर २०१४ पासून २०२४ पर्यंत केंद्राने पश्चिम घाटातला संवेदनशील भाग जाहीर करायचे सहा मसुदे काढले, सहावा वायनाडची दरड कोसळल्यावर दुसऱ्या दिवशी. मार्च २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांना संवेदनशील जाहीर करा म्हणून सांगितलं. हा पट्टा राधानगरीपासून तिलारीवरून खाली म्हादई-भीमगडपर्यंत वाघाच्या जाण्यायेण्याचा, आणि तिलारीचं पाणी आपण आणि गोवा दोघं पितो. हेवाळे-बांबर्ड्याला मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाच्या जातीच्या झाडांची, दलदल आहे, अडीच हेक्टर जेमतेम, २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ झाली. गावातल्या लोकांनी ती देवाची जागा म्हणून राखली म्हणून ती शिल्लक आहे. कुठल्या क्लोजर प्लॅनमध्ये तशी दलदल परत बनवता येते?

मला विकासविरोधी म्हणायचं असेल तर म्हणा. माझं घर चिऱ्याचं आहे, छपराला लोखंडी पाइप आहेत, गाडी आहे. दगड लागतो, लोखंड लागतं, पोरांना काम लागतं, काजूच्या बियांचा दर पडला की मला पण रात्री झोप लागत नाही. म्हणून मी खाणच नको असं सगळीकडे म्हणत नाही. घाटमाथा, वाघाचा पट्टा, झऱ्यांच्या वरचा सडा इथे नको, तिथे चर्चाच नको. बाकी जिथे मागणार असाल तिथे आधी निदान दोन पावसाळे धरून प्रत्येक बावडी-झऱ्याची नोंद करा, वाडीतल्या माणसांना सोबत घेऊन, आणि ती नोंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. क्लोजर प्लॅन आख्खा मराठीत द्या, सुनावणीच्या महिनाभर आधी. हमीची रक्कम हेक्टरवर न धरता खड्ड्याच्या घनमीटरवर धरा आणि आजच्या मातीच्या दराने धरा, ती परवडत नसेल तर ती खाणच परवडत नाही असा त्याचा अर्थ. आणि २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठानात खाणवाल्यांकडून जो पैसा जमा होतो, त्यातले किमान साठ टक्के पिण्याचं पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण असल्या कामांवर जायला हवेत असं तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांत होतं, त्याचा गाववार हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा. चिरेखाणींना पण हेच लावा, लहान म्हणून सोडू नका. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितलंय की पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या, म्हणजे चिरा-वाळू असल्या खनिजाच्या, लीजला पण पर्यावरण परवानगी हवी.

सरकार करेल तेव्हा करेल. आम्ही वाडीत एक गोष्ट सुरू केली आहे ती सांगून थांबतो. काकीच्या बावडीत सुतळी सोडतो, सुतळीला हाताहातावर गाठी मारल्यात, खाली दगड. दर अमावास्येला कोरडी किती आणि ओली किती ते बघायचं आणि वहीत लिहायचं, तारीख, महिन्याचा पाऊस, कोणी मोजलं त्याची सही. काकीला लिहिता येत नाही, ती गाठी मोजते, माझी नववीतली मुलगी लिहिते. सहा वर्षांची वही झाली, आता वाडीतल्या नऊ बावड्या आणि तीन झरे त्यात आहेत. वरच्या सड्यावर परत कोणीतरी माणसं जीपीएस घेऊन फिरून गेल्याचं ऐकतोय, म्हणून १ मेच्या ग्रामसभेत ही वही ठरावाला जोडून पंचायतीच्या दप्तरी नोंदवा असा अर्ज मी दिला आहे. ते आजोबा आता नाहीत, पण त्यांचा प्रश्न त्यांच्याच भाषेत पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. कोणाला आपल्या गावात अशी वही सुरू करायची असेल तर पेपरमार्फत कळवा, गाठी कशा मारायच्या ते दाखवायला काकी येईल, ती तयार आहे.

आपला,
बांदा पंचक्रोशीतला एक बागायतदार
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग